विमानाखालचं माहेर

किस्से म्हणजे कटिंग टेबलाखालच्या चिंध्या. रोज झाडा, रोज तेवढ्याच. आमच्या सुरतेच्या साडी-डिझाइनच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्या वर्षीचे तर पोतंभर आहेत.

मी चौथी शिकलेली. काम चहाचं, झाडूचं आणि छापील सॅम्पलमध्ये जोड शोधायचं. साडीवर एकच चित्र पुढे पुढे छापत जातात, त्याला रिपीट म्हणतात. दोन चित्रं भिडतात तिथे रेघ दिसली की माल गेला. ती रेघ मला डोळे मिटूनही सापडते!

*

शेठनी कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या. आठ दिवसांत त्यांचा भाचा जिग्नेश त्यावर विमानांच्या लढाईचा गेम घालून बसला. जेवणाच्या सुट्टीत तो उडवायचा आणि आमचा डिझायनर विलास, धुळ्याचा, हातात घास धरून बघत बसायचा.

मी डबा धुऊन आले, एकदा बघितलं आणि म्हणाले, "खाली जमिनीत जोड दिसतोय."

जिग्नेश हसला. "मासी, ही जमीन आहे, साडी नाही!"

विलास हसला नाही. स्क्रीनला नाक लावून म्हणाला, "आयला, रिपीटच आहे! शेतांचं एकच चित्र फरशीसारखं बसवलंय. आणि बसवणारा कच्चा!"

त्याने गेममधली चित्रं आमच्या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये उघडली. दोन दिवसांत जोड गेला. शत्रूचा देश इतका सुंदर झाला, की जिग्नेशला बॉम्ब टाकवेना!

*

मग ढग. गेममधले ढग म्हणजे भिजलेला कापूस. विलासने नवे काढले, पण हात सवयीचा. विमान वर गेलं तर आभाळभर कुयऱ्या!

"विलासभाई, आ तो साडी छे!" जिग्नेश किंचाळला.

विलास शांतपणे म्हणाला, "लग्नसराई आहे."

*

एकदा शेठ अचानक आत आले आणि कुणाला गेम बंद करता आला नाही. स्क्रीनवर वरून दिसणारी शेतं. शेठनी चष्मा पुसला.

"डिझाइन कुणाचं हे? आठ कलरमध्ये बसव. जमीन जरा गुलाबी कर!"

छापलंसुद्धा! आमच्या डिंडोली वस्तीत माझ्या शेजारणीनेच ती साडी घेतली. मी म्हटलं, "बाई, यावर बॉम्ब पडलेत."

ती म्हणाली, "तरीच रंग पक्का आहे!"

*

आता माझं सांगते. माझं माहेर तापीकाठी, खानदेशात. लग्न होऊन सुरतेला आले आणि पुढच्याच वर्षी धरणाच्या पाण्याने गाव गिळलं. भावंडं पांगली. गाव जाताना मी बघितलंही नाही. इतर बायका माहेरी जातात, मी नळ सोडते. पाणी त्याच तापीचं, आमच्या अंगणावरून आलेलं.

विलासला म्हटलं, "ढग करतोस, जमीन करतोस, मग माझं गाव घाल की त्यात."

"कसं होतं?"

सांगत गेले. चिंच, चिंचेखाली विहीर, मारुतीचं देऊळ, आमचं चुन्याचं पांढरं घर, मागे नदी. तो काढायचा, मी ओरडायचे. "नदी इकडे कुठे आणलीस? माझ्या बापाचं घर पुन्हा बुडवतोस?" पुसायला लावायचे. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी चिंच तिच्या जागी बसली आणि मला बोलताच येईना.

विलास म्हणाला, "मावशी गप्प बसल्या. सॅम्पल पास!"

*

दुसऱ्या दिवशी सुट्टीत विमान उडालं. खाली माझं गाव. पुढे माझं गाव. डावीकडे, उजवीकडे, नजर जाईल तिथवर माझंच गाव! मेल्याने सवयीने रिपीट लावला होता. जोड म्हणाल तर कुठेच नाही!

"मासी, यातलं तुमचं कुठलं?" जिग्नेशने विचारलं.

"सगळी माझीच. एक बुडालं तर दुसरं राहील. आणि एकावर जरी बॉम्ब पडला तर चहा बंद!"

*

शेवटी शेठला कळलंच. म्हणाले, "संध्याकाळच्या आत हा खेळ पुसा."

जिग्नेशने खुर्ची दिली मला. "मासी, शेवटचं एकदा. तुम्ही चालवा." विमान वळवायचा दांडा माझ्या हातात दिला. कुयऱ्यांच्या ढगांतून खाली आले. मागे शत्रूची दोन विमानं.

"गोळी झाडा मासी, गोळी!"

मी दांडा पुढे दाबला. विमानाने नाक खाली घातलं. आयुष्यात त्या जिग्नेशने विमान कधी नीट उतरवलं नव्हतं, तो मला काय शिकवणार!

"वर खेचा! मासी, मरी जशो!"

चिंच मोठी झाली. विहीर मोठी झाली. चित्र फुटून पांढऱ्या घराचे चौकोन-चौकोन दिसायला लागले. मग सगळी स्क्रीन लाल.

विलास हळूच म्हणाला, "मेलात, मावशी."

"मेले कुठे? माहेरी आले. आता चार दिवस मला कुणी बोलवायचं नाही!"