मंडईचं छापील आमंत्रण

तेजरामजी कापगते यांचं नाव माहीत नसलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत सापडायचा नाही. त्याला कारण त्यांची कीर्ती नव्हे, बाकडी. एकोडीच्या रस्त्यापासून तलावाच्या पाळीपर्यंत कुठंही टेका, पाठीला 'तेजराम कापगते यांजकडून' ही अक्षरं टोचतात. वाचनालय त्यांचं, दवाखान्यातली नवी खोली त्यांची, मोक्षधामातलं शेडही त्यांचंच. म्हणजे वाचा, आजारी पडा की मरा, सोय तेजरामजींची.

हा पैसा आला गाइडांतून. ऐन तारुण्यात नागपुरात त्यांनी छापखाना घेतला आणि दहावीची गाइडं काढली. ती गाइडं शर्टाच्या आत खोचून अर्धा विदर्भ पास झाला. मास्तर लोक वर्गात त्यांना शिव्या देत आणि घरी त्यातूनच प्रश्न काढत. पुढं दिल्लीत ओळखी झाल्या आणि सरकारनं त्यांना समुद्रातल्या एका चिमुकल्या देशात राजदूत म्हणून पाठवलं. देश आपल्या तालुक्याएवढा, पण तलाठी नसल्यानं सुखी होता म्हणे. तिथं ते कोणी कुठल्या खुर्चीवर बसायचं, कोणाशी किती हसायचं, हे सगळं शिकले. मुदत संपल्यावर पत्नी गोदावरीबाईंना घेऊन गावी परतले. मोठं घर बांधलं. त्या घरात गोदावरीबाईंना एकच दिवाळी मिळाली.

त्यानंतर घरात तेजरामजी आणि स्वयंपाकाच्या धुरपताबाई. माणसं येत, नाही असं नाही. पण अर्ज घेऊन येत, चपला फाटकाशी काढत आणि उभ्यानंच बोलून जात. बसा म्हटलं तर सोफ्याकडं असं पाहत, जणू तोही कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला असावा. शेजारचा केवळराम लहानपणी यांच्याबरोबर तलावात डुंबलेला. तोसुद्धा आता 'तुमी' आणि 'जी' म्हणायचा. तेजरामजींना हा 'जी' बाकड्यांवरच्या अक्षरांसारखा टोचे.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडया भरतात. दिवसा दंडारीचा नाच-खेळ, रात्री नाटक, रस्त्यावर जिलेबीची दुकानं आणि घरोघरी पाहुणे. मंडईच्या दिवशी ज्याच्या अंगणात चार परक्या चपला नाहीत, त्याचं घर ओसाड समजावं. तेजरामजींना त्या चपला हव्या होत्या. तेव्हा दोन वर्षांपूर्वी त्यांनी काय करावं? कार्डं छापली. सोनेरी काठाची, वर 'सस्नेह निमंत्रण', खाली वेळ आणि 'कृपया येणार असल्याचे कळवावे'. अख्ख्या गावाला वाटली. मांडव घातला, टेबलं मांडली, प्रत्येक ताटापाशी नावाची चिठ्ठी ठेवली. जुनी सवय.

कोणीही आलं नाही. नावांच्या चिठ्ठ्या वाऱ्यानं उडाल्या आणि धुरपताबाई त्या वेचत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी तेजरामजींनी केवळरामला गाठलं.

"काहून आला नाहीस रे?"

"कारड आलं नं जी तुमचं."

"म्हणूनच विचारून राहिलो."

"मंडईले कारड देतेत का जी? ज्याले यायचं तो येते. आमी समजलो, मोठ्या साहेबांचा प्रोग्राम आहे. माह्यापाशी तर कोटही नाही."

"अरे, कोणी साहेब नव्हते."

"आमाले काय मालूम जी," केवळराम म्हणाला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला. बैल आधीच पाणी पिऊन बसला होता.

मागच्या वर्षी तेजरामजींनी कार्ड छापलं नाही. धुरपताबाईंना कोंबडीचा रस्सा, उडदाचे वडे आणि नव्या तांदळाचा भात करायला सांगितला, फाटक सताड उघडं टाकलं आणि सकाळपासून ओट्यावर बसले. रस्त्यानं पाहुण्यांची रीघ चालली होती. सगळी दुसऱ्यांच्या घरची. ओळखीचे लोक फाटकासमोर आले की नमस्कार करत आणि चाल वाढवत.

दुपारी एक म्हातारा थेट आत शिरला. धोतर, हातात पिशवी, घामानं निथळलेला.

"पाणी दे गा पहिले," म्हणत तो ओट्यावर टेकला. "मी डोमाजी, पार बपेऱ्याहून येऊन राहिलो. केवळरामचं घर हेच नं?"

केवळरामचं घर पुढचं. तेजरामजींनी राजदूत असताना दोन देशांचे गैरसमज दूर केले होते. हा एक त्यांनी राहू दिला.

"बसा नं. जेवूनच बोलू."

डोमाजी बसले, तेही मांडी घालून. रस्सा दोनदा मागितला. "मीठ कमी आहे गा," असं तोंडावर सांगितलं. त्या घरात इतकं खरं कोणी बोललंच नव्हतं.

"नाव काय तुझं?"

"तेजराम."

"करतोस काय?"

"काही नाही. धान आहे थोडं."

"बरं आहे. लेकरं?"

"पोरगी आहे. दूर दिली."

"मंग एकटाच जेवतोस?"

तेजरामजींनी वड्यांचं ताट पुढं सरकवलं.

तेवढ्यात केवळराम फाटकातून धावत आला. पाहुणा हरवला म्हणून सगळी मंडई पालथी घालून आलेला. डोमाजींना बोटं चाटताना पाहिलं आणि त्याचा तोल सुटला.

"अबे तेजराम्या! माहा सोयरा पळवला काय बे तू?"

केवळरामनं जीभ चावली.

"तोंडातून निघून गेलं जी. माफ करा."

"राहू दे. ये, बस. रस्सा आहे अजून."

"घरी पाहुणे खोळंबले आहेत जी."

डोमाजींचा हात धरून तो निघाला. म्हातारा जाता जाता वळला.

"पुढच्या मंडईले पहिले इथंच येतो गा. पण मीठ पाहून टाकत जा."

दोघं वळणावर दिसेनासे झाले. दंडारीच्या ढोलकीचा आवाज दुरून येत होता. तेजरामजींनी डोमाजींचं ताट स्वतः उचललं.

सांजेला धुरपताबाई बाहेर आल्या. "फाटक लावू का जी?"

"नको," तेजरामजी म्हणाले. "मंडई अजून उठली नाही."