लांगऱ्याच्या हातातला डबा

पाटणकडच्या एका गावाने मी घडवलेल्या जवानाच्या स्मारकाला नवा चौथरा बांधला आणि त्यानिमित्त काढलेल्या स्मरणिकेत माझ्यावर दीड पान खर्च केले. त्या दीड पानात माझे वय तेवढे बरोबर आहे. वाईच्या बाजूचा माझा नंदी म्हणे दोन दगड सांधून केलेला. नंदी एकाच काळ्या पाषाणाचा आहे. ज्याला सांधा दिसला असेल त्याने समोर येऊन बोट ठेवावे. सांगलीच्या मंगल कार्यालयाचे सागवानी दार यंत्रावर कोरलेले नाही. तिथल्या वाचनालयाची रंगीत काचेची खिडकीही मुंबईहून आलेली नाही. तिचा तुकडा न् तुकडा मी मलकापूरच्या माझ्या शेडमध्ये कापला, आणि त्याचे व्रण अजून तळहातावर आहेत. हे सारे मी गिळले असते. गिळवत नाही ते एक वाक्य: ‘ओतकामातील दोषामुळे जवानाच्या हातातील बंदूक तुटली व शिल्पकाराने ती पुन्हा बसवून दिली नाही.’

बंदूक तुटली नाही. बंदूक कधी नव्हतीच.

तो जवान पलटणीत स्वयंपाकी होता. लष्करात त्याला लांगरी म्हणतात. वरच्या चौकीत अडकलेल्यांसाठी गरम जेवण घेऊन चढताना बर्फाचा कडा कोसळला आणि तो गेला. काम माझ्याकडे आले तेव्हा गावच्या स्मारक समितीने बंदूकच मागितली होती. त्याची आई मात्र एकटी एसटीने आली, शेडमध्ये मातीचा नमुना निरखून म्हणाली की हा हात तिच्या लेकाचा नव्हे. मी चिडलो. चाळीस वर्षे माती मळणाऱ्याला हात शिकवायचा नसतो, असे काहीसे बोललो. तिने टेबलावरचे फडके घडी करून मातीच्या डाव्या मुठीत सरकवले आणि एकेक बोट त्यावर दाबत गेली. “डबा ऊन असतोय,” ती म्हणाली. “फडक्याबिगर धरायचा न्हाई त्यो.”

म्हणून त्या ब्राँझच्या डाव्या हातात फडक्याने धरलेला कडीचा डबा आहे, आणि बोटांवर तिच्या अंगठ्याचे ठसे आहेत. उजवा हात तोल सावरण्यासाठी पुढे आलेला आहे, रिकामा. समितीने हे पाहिले, मान्य केले आणि अनावरणाला सत्काराचे हारही गळ्यात घालून घेतले.

मग बंदूक आली कुठून? शेजारच्या गावाच्या तोंडातून. तिथले लोक जत्रेत विचारू लागले, “काय रं गड्या, तुमचा जवान डेअरीला दूध घालाय निघालाय व्हय?” जेवण घेऊन निघालाय, एवढे उत्तर साऱ्या गावात एकाला देता आले नाही, कारण त्यांना त्या डब्याची लाज वाटली. आणि ती लाज झाकण्यासाठी माझे ओतकाम सदोष ठरले.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर आणखी एक घोषणा होती: डबा कापून काढून फायबरची बंदूक बसवण्यात येईल. ती वाचली त्याच सकाळी मी पाटणची एसटी धरली. पोचलो तेव्हा बंदूक बसवायला उजव्या हाताच्या तळव्यात दोन भोके पाडून झाली होती आणि कटर डब्याच्या कडीशी आला होता. समितीचे अध्यक्ष, त्याच पलटणीतले निवृत्त सुभेदार, जातीने देखरेख करत होते. त्यांना मी जे सुनावले ते छापण्याजोगे नाही. मागेही घेत नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की जवान म्हटला की हत्यार हवे.

आवाज ऐकून जवानाची आई आली. चौथऱ्यावर चढली आणि डब्यावर हात ठेवून उभी राहिली.

“आवं सुभेदार, वरच्या चौकीत अडकल्यालं तुमीच हुता न्हवं?” तिने शांतपणे विचारले. “तवा खाली निरोप काय धाडला हुता? बंदूक धाडा म्हणून?”

मला हे ठाऊक नव्हते. गावालाही नसावे. सुभेदारांनी कटरवाल्याला वायर काढायला सांगितले.

डबा राहिला. बंदूक ग्रामपंचायतीच्या दाराआड उभी आहे. मी निघताना सुभेदारांनी भोके बुजवून देण्याची विनंती केली. मी म्हणालो, आधी ते वाक्य मागे घेतल्याचे पत्र द्या. पत्र आजतागायत आलेले नाही. आला तो आईचा निरोप, की पावसाचे पाणी त्याच्या हातात शिरते आहे.

मी गेलो. दोन्ही भोकांत तिने कणीक भरून ठेवली होती आणि त्या कणकेला मुंग्या लागल्या होत्या. कणीक काढली, ब्राँझच्या खुंट्या ठोकल्या, घासून सपाट केल्या. पत्राविना गेलो ते तिच्यासाठी. समितीने त्यात आपली सुटका पाहू नये. सांधा आता कोणाला दिसणार नाही. म्हणूनच, त्या तळव्यात भोके कोणी पाडली हे मी इथे लिहून ठेवतो आहे.