साहेबांच्या चपलेचा अंगठा

साहेबांनी पाय पुढे केला. भर हॉलमध्ये. मागे पडद्यावर माझ्या कंपनीचं नाव, हातात माईक घेऊन उभी मी, आणि पहिल्या रांगेत रेलून बसलेले साहेब माझ्या बाबांना म्हणतात, "अरे, बरं झालं तू भेटलास. अंगठा सुटलाय बघ. इथल्या एकाही मोच्याला कोल्हापुरी धड शिवता येत नाही."

बाबा सत्तरीचे. बँकेतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. लेक गुंतवणूकदारांपुढे बोलणार म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसलेले. ते उठले. पुढे आले. आणि वाकले.

आम्ही चांभार. हे वाक्य आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही. आजोबा गावात चपला शिवायचे. बाबा शिकले, कारकून झाले, परीक्षा देऊन ऑफिसर झाले, बदलीने कोलकात्याला आले. वाटलं असेल, सुटलो. इथे कोण विचारतंय?

विचारणारा इथेही होताच. साहेब बाबांचे वरिष्ठ, आपलेच मराठी. पहिल्याच दिवशी "मूळ गाव कुठलं?" विचारून त्यांनी सगळं काढून घेतलं. मग रविवारी त्यांचा ड्रायव्हर पिशवी घेऊन यायचा. पिशवीत कोल्हापुरी. बाबा पडदे ओढायचे, पलंगाखालून आजोबांची चामडं कापायची रापी आणि आरी काढायचे, आणि मुकाट्याने शिवायचे. आई तोवर रेडिओ मोठा करायची, शेजारच्या बंगाली काकूंना ठोकाठोकी ऐकू जाऊ नये म्हणून. मी एकदा विचारलं, "बाबा, तुमच्या ऑफिसातले सगळेच साहेबांच्या चपला शिवतात का?" तर बाबांनी मला दारामागे उभं केलं. त्यांचा हात माझ्यावर कधी उठला नाही, पण त्या दिवशी उठता उठता राहिला.

मी चामड्याचाच धंदा काढला. मुद्दाम म्हणा हवं तर. हावड्यात लोखंडाच्या ओतकामाचे कारखाने आहेत, तिथे भट्टीपुढे उभं राहणाऱ्यांसाठी मी हातमोजे बनवते. भाड्याची पत्र्याची शेड, शिवणाऱ्या बायका, जुनी मशीनं. माल चांगला जातो. पण मोठी ऑर्डर आली की मी हात वर करते, कारण तेवढं चामडं आधी घेऊन ठेवायला भांडवल नाही. फार चीड येते हो. काम दाराशी येतं आणि आपणच त्याला परत पाठवायचं!

बँकेत गेले. तारण काय ठेवता? शेड भाड्याची, राहतं घरही भाड्याचं. तारण म्हणून डोकं ठेवू का माझं? मग अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी राज्याची एक योजना आहे असं कळलं. खिडकीवरच्या बाईंनी माझा जातीचा दाखला उलटसुलट करून पाहिला. "ये तो महाराष्ट्र का है. यहाँ नहीं चलेगा." म्हणजे हुगळीच्या काठावर मला जातच नाही! मी जिन्यात एकटीच हसले.

राहिले गुंतवणूकदार. त्यांच्यापुढे उभं राहायचं तर आधी तयार व्हावं लागतं, म्हणून एका प्रशिक्षणात नाव घातलं. हिशेब कसे मांडायचे, कंपनीचा किती हिस्सा द्यायचा, बोलताना हात कुठे ठेवायचे. सगळं शिकले. शिकवणारी बंगाली बाई म्हणायची, "अपनी स्टोरी बोलिए. पैसा स्टोरी पे लगता है." मी रात्रंदिवस त्यावर डोकं खपवलं आणि पहिल्या स्लाइडवर, कंपनीच्या नावाखाली, आजोबांच्या रापीचा फोटो टाकला.

बाबा म्हणाले, "हे नको दाखवूस. कामाचं बोल ना, जातीचं कशाला?"

मी म्हटलं, "बाबा, आता कोण मानतंय?"

रापी पडद्यावर आली आणि साहेबांचा पाय पुढे आला. साहेब आता निवृत्त होऊन लोकांच्या धंद्यात पैसे घालतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. कचेरीत न चाललेली जात हॉलमध्ये मात्र बिनदाखल्याची चालली.

बाबांनी चप्पल हातात घेतली होती. मी खाली उतरले, त्यांच्या हातातून ती काढून जमिनीवर ठेवली. म्हटलं, "उठा." दंडाला धरून उठवावं लागलं. हॉलमधल्या इतर कुणालाच मराठी येत नव्हतं. प्रशिक्षणवाली बाई कौतुकाने म्हणाली, "कितना अच्छा! आप लोग तो फॅमिली निकले."

मी बाकीच्या स्लाइड्स दाखवल्या. काय बोलले, आठवत नाही. संपल्यावर पहिला हात साहेबांचा. ते पैसे घालायला तयार होते. अट एवढीच की निम्म्याहून जास्त हिस्सा त्यांचा, आणि कंपनीचा प्रमुख म्हणून त्यांचा भाचा. मग मराठीत, गोड आवाजात, "तुम्ही कारखाना सांभाळा. ते तुमच्या रक्तातच आहे. लोकांसमोर चेहरा जरा वेगळा हवा."

टाळ्या वाजल्या. सगळे माझ्या हो म्हणण्याची वाट बघत होते. मीही क्षणभर चामड्याचाच विचार केला. शेडभर चामडं. खोटं कशाला सांगू?

मग माईक तोंडाशी धरला आणि हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "इन्होंने मेरे बाबा से कहा, चप्पल ठीक कर दो. क्योंकि हम चांभार हैं. अब कहते हैं, कंपनी दे दो और पीछे बैठो. मुझे इनका पैसा नहीं चाहिए."

साहेबांचा चेहरा उतरला. "अहो, गंमत केली हो. आपल्या आपल्यात."

आपल्या आपल्यात! इतकी वर्षं हेच चाललं होतं. पडदे ओढून, रेडिओ मोठा करून.

नदी ओलांडून हावड्याला जाणाऱ्या लाँचवर बाबा माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. धक्का जवळ आल्यावर म्हणाले, "घ्यायचे होतेस पैसे. दोन टाक्यांचं काम होतं ते." मला साहेबांचा राग होता, बाबांचाही होता, आणि तो अजून गेलेला नाही. त्याच आठवड्यात आणखी एक ऑर्डर परत पाठवली.

पैसा मला हवाच आहे. पुन्हा मागणार आहे, दुसऱ्या हॉलमध्ये, दुसऱ्या साहेबांपुढे. पहिली स्लाइड रापीचीच राहील. पाय पुढे आला तर येऊ दे, बाबांना मी वाकू देणार नाही. आणि माझ्या भाषेत हळूच जे बोललं जाईल, ते मी तिथल्या तिथे, माईकवर, सगळ्यांच्या भाषेत सांगेन.