शेवटच्या फॉर्म्यातली कोरी पानं

ओळीखाली फूटपट्टी धरायची, बोटाने दोनदा टकटक करायचं आणि विचारायचं, "हे असंच झालं ना?" आमच्या मुद्रितशोधकांची ही सवय. कादंबरी असो की लग्नपत्रिका, प्रश्न तोच. अहो, पत्रिकेतलं लग्न अजून व्हायचंय! पण त्यांना सांगणार कोण?

उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं एवढंसं प्रकाशन. खाली मशिनींचा धडधडाट, वर आम्ही दोघं. मी तापट, ते थंड. मी आरडाओरडा केला की शांतपणे म्हणायचे, "झालं? सरकू पुढे?" कुळगावात एकटेच राहायचे. बायको आधीच गेली होती आणि तरुण मुलगा अंबरनाथच्या एका कंपनीत, केमिकलच्या स्फोटात गेला, एवढं मला ठाऊक होतं. ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही एक धाडस केलं. इतिहास वेगळाच घडला असता तर, अशा अकरा कथांचा संग्रह काढायला घेतला. एकीत फाळणी झालीच नाही, म्हणून उल्हासनगर वसलंच नाही. दुसरीत रेल्वे कल्याणच्या पुढे आलीच नाही. या कथांपुढे त्यांचा प्रश्न चालेना. पट्टी धरायचे, टकटक करायचे आणि नुसतेच बघत बसायचे. मला तेव्हा गंमत वाटायची.

एका दुपारी म्हणाले, "शेवटच्या सोळा पानी फॉर्म्यात चार पानं कोरी जातायत. माझी एक छोटी गोष्ट बसेल."

"तुमची?"

"माझ्या मुलाची. त्या दिवशी तो कामावर गेला नसता तर, अशी."

आणि मी दीडशहाणा काय म्हणालो? "अहो, हा इतिहास आहे. त्यात घरच्या गोष्टी कुठे घालताय?"

"बरं," ते म्हणाले, "सरकू पुढे." अजून आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुस्तक छापून आलं. पहिल्या तीस प्रती काही जाणत्या वाचकांना अभिप्रायासाठी धाडायच्या होत्या. पान न् पान उलटून, फॉर्मा सुटला नाही ना हे पाहिल्याशिवाय ते एकही प्रत बाहेर जाऊ देत नसत. पिशव्या भरून घरी नेल्या आणि आठवड्याभराने परत आणल्या. डोळे लाल झाले होते. एक प्रत माझ्यापुढे सरकवली. "ही तुमची." मी ती कपाटावर ठेवून दिली. आपलंच पुस्तक कोण वाचतंय पुन्हा!

मग फोन सुरू झाले. कौतुकच कौतुक! मी हवेत. खालच्या सिंधी शेठना, कारागिरांना वर बोलावलं, पेढे मागवले. "साईं, किताब चल पडी क्या?" शेठनी पाठीवर थाप मारली. ज्यांच्यासाठी खरं तर पेढे आणले, ते आमचे मुद्रितशोधक मात्र नेमके त्या दिवशी आले नाहीत.

पेढे वाटत असतानाच अंबरनाथच्या एका बाईंचा फोन. "शेवटची, हाताने लिहिलेली गोष्ट तर अप्रतिम. घड्याळ बंद पडतं, मुलगा झोपून राहतो आणि वाचतो."

हाताने लिहिलेली? म्हटलं, बाईंचा गोंधळ होतोय. तेवढ्यात चामटोलीचे एक मास्तर. "त्या पोराला ताप भरतो, बाप म्हणतो निजून राहा, ते भारी जमलंय. मग त्याचं लगीन, पोरगी..." तिसऱ्याच्या प्रतीत म्हणे दारात पाहुणे येतात आणि कामावर जाणं राहून जातं. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

कपाटावरची माझी प्रत काढली. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांचं ते रेखीव अक्षर. मोजून तीन वाक्यं.

"तो गाढ झोपला होता. उशीर होईल म्हणून मीच हलवून उठवलं. एक प्रत तरी बरोबर हवी."

पेढ्यांचा पुडा घेऊन तसाच कुळगावला गेलो. दाराला कुलूप. शेजारी नव्यानेच राहायला आलेली एक मुलगी कपडे वाळत घालत होती.

"आजोबा ना? सकाळीच गेले. मुलगा आला होता न्यायला. सोबत छोटी पण होती, एकदम क्यूट."

"त्यांना मुलगा नाहीये."

"असं कसं? बाबा, बाबा करत होता की! बॅग पण त्यानेच उचलली."

आता तुम्ही पट्टी धरून विचाराल, हे असंच झालं ना? मला विचारू नका. मी जिन्यातच उभा राहून त्यांच्या मोबाइलवर फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला. मागे एक लहान मूल खिदळत होतं.

"हॅलो," तरुण आवाज, अगदी हळू. "बाबा झोपलेत. उठवू का?"

मी तिथेच पायरीवर बसलो, पुडा मांडीवर घट्ट धरला.

"नको रे बाबा," मी म्हणालो, "उठवू नकोस. झोपू दे त्यांना."