पडायला तयार नसलेला राजा

व्हर्न टॅगार्टच्या पोटात दुखायला लागलं ते ऑक्टोबरात, आणि ते त्या केलबमुळे. आमच्या अख्ख्या मंडळाला हे ठाऊक होतं. व्हर्नला मात्र वाटायचं, कुणाला काही कळत नाही.

सुपीरियर सरोवराच्या काठी आमचं गाव. तिथे हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी चालवतो तो व्हर्न. आडदांड माणूस, आवाज मोठा, मनाने वाईट नाही, पण त्याला मान हवा. गावातले चर्चवाले आम्हा पेगन, म्हणजे निसर्ग पुजणाऱ्या लोकांना 'झाडांचे भगत' म्हणून चिडवतात. व्हर्नला त्याचं काही वाटत नसे. कारण वर्षातून एकदा, सगळ्यात छोट्या दिवसाच्या पहाटे, तो राजा असायचा.

खेळ तसा साधा. राजे दोन. एक हॉलीराजा: म्हातारा, डोक्यावर काटेरी हिरव्या पानांचा मुकुट, सरता काळ त्याचा. दुसरा ओकराजा: तरुण, वाढता दिवस त्याचा. सरोवराकाठच्या टेकाडाखाली उजाडायच्या आधी दोघं काठ्यांनी लढतात. म्हातारा पडतो. जिंकलेल्याच्या डोक्यावर ट्वायला ओकच्या पानांचा मुकुट ठेवते, तो टेकाडावर चढतो आणि पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो. मागे वळून बघायचं नाही, अशी रीत. मग सूर्य येतो. त्याला यायचंच असतं म्हणा, पण आपण बोलावलं आणि तो आला, की बरं वाटतं. उन्हाळ्यात खरं तर उलटी लढाई करायची असते. आम्ही करत नाही. डास फार.

ट्वायला म्हणजे व्हर्नची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, आणि आमच्या मंडळाची पुजारीण. व्हर्न पहिल्यांदा ओकराजा झाला तेव्हा त्याचे केस काळेभोर होते. पुढे ते पिकले, पोट सुटलं, गुडघा कुरकुरायला लागला, तरी ओकराजा आपला तोच. समोर पडायला ओरिन होता ना! ओरिन व्हर्नहून बराच म्हातारा, आणि काय सुरेख मरायचा! या वसंतात तो खरोखरच गेला, घरच्या बिछान्यात, झोपेत.

तर ऑक्टोबरात एका संध्याकाळी ट्वायला सफरचंदं सोलत बसली होती. ती सहज म्हणाली, "यंदा दाढी वाढव."

"का बरं?"

"हॉलीराजाला दाढी शोभते."

व्हर्नच्या हातातला कप तिथेच थांबला. "आणि ओकराजा कोण?"

"केलब."

केलब गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करतो. गेल्याच वर्षी मंडळात आला. लालसर केस, रुंद खांदे, गातो छान, आणि वर स्वभावानेही चांगला. व्हर्नला हे तर मुळीच सहन होईना. निदान शिष्ट तरी असायचा मेला, म्हणजे मोकळेपणाने शिव्या देता आल्या असत्या!

"मी काय मेलोय?" व्हर्न गरजला.

"मरायचंच आहे तुला, म्हणून तर सांगतेय," ट्वायला हसली. मग सुरी खाली ठेवून वेगळ्याच आवाजात म्हणाली, "व्हर्न, माझ्यासाठी पड. एवढं ऐक माझं."

व्हर्नने त्यातलं फक्त 'पड' ऐकलं. आपण म्हातारे झालो, आणि ते आपल्याआधी बायकोच्या लक्षात आलं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

त्याची स्वतःची एक रीत होती, कुणी न शिकवलेली. छोट्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरातले सगळे दिवे घालवायचा, आरशासमोर एक मेणबत्ती लावायचा आणि तिच्या उजेडात गुळगुळीत दाढी करायचा. नवा सूर्य, नवा चेहरा. यंदा वस्तऱ्याला सुट्टी. दाढी आली ती पांढरीशुभ्र. सकाळी आरशात बघून तो दचकायचा. हा कोण बाबा आपल्या घरात शिरला?

त्यात तो केलब सरावाला घरी यायला लागला. व्हर्न दमून, कुडकुडत कामावरून परत यावा, तर स्वयंपाकघरात खिदळणं चाललेलं. ट्वायला केलबचे खांदे धरून त्याला सरळ उभं करतेय, "पाय फाकव, राजा आहेस तू, टपालवाला नाहीस!" म्हणतेय, आणि तो लाजून लाल होतोय. टेबलावर आलं घातलेली बिस्किटं. व्हर्नसाठी राहायची ती तुटकी. एके दिवशी बघतो तर ट्वायला ओकचं एकेक पान मधाच्या पोळ्याच्या मेणात बुडवून वाळत घालत होती.

"माझ्या मुकुटाला कधी मेण लावलंस?"

"तुझा मुकुट तू दरवर्षी गाडीत विसरायचास. त्याला मेण लावून काय करू?"

व्हर्नच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या वाटचं हसू, आपल्या वाटची बिस्किटं, आपल्या वाटचं मेण, सगळं त्या लाल डोक्याला! त्यात भरीस भर म्हणून जाताना केलब दारात थांबला आणि अगदी मनापासून म्हणाला, "व्हर्न, तुम्ही काळजी करू नका हं. मी काठी हळूच मारीन."

"काळजी? मी?" व्हर्नने दार असं लावलं की पाखरांसाठी बाहेर टांगलेले चरबी-दाण्यांचे गोळे हलले. त्याच रात्री त्याने ठरवलं. पडायचं नाही. बघू, काय करतात ते!

छोट्या दिवसाच्या पहाटे आम्ही पोचलो तेव्हा टेकाडाखालची जागा गोल, स्वच्छ केलेली होती. साहेबाला न विचारता व्हर्न बर्फ लोटायची सरकारी गाडी घेऊन आला होता आणि आता मध्यभागी काठी रोवून उभा होता. पांढरी दाढी, डोक्यावर काटेरी मुकुट. खरं सांगायचं तर इतका देखणा हॉलीराजा आम्ही पाहिला नव्हता. ट्वायलाही त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

ढोलक वाजायला लागलं. केलबने पहिला वार केला, व्हर्नने अडवला. दुसरा केला, तोही अडवला. तिसऱ्या वाराला ओरिन गुडघ्यावर यायचा आणि मग आडवा व्हायचा. केलबची काठी व्हर्नच्या खांद्याला नुसती टेकली. व्हर्न जागचा हलला नाही.

"पडा ना," केलब हळूच म्हणाला.

"तू पड."

"व्हर्न, अहो, सगळे बघतायत—"

"बघू दे की!" आणि व्हर्नने काठी फिरवली. त्याला खांद्यावर मारायची होती, हे तो आजही शपथेवर सांगतो. ती लागली नाकावर. केलब मागच्या मागे बर्फात कोसळला आणि रक्त आलं. ढोलक थांबलं. इतक्या वर्षांत म्हातारा राजा कधी जिंकलाच नव्हता, तेव्हा पुढे काय करायचं असतं ते कुणाला ठाऊक?

व्हर्नला ठाऊक होतं. काटेरी मुकुट भिरकावून तो ट्वायलासमोर गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. ट्वायला मेण लावलेला मुकुट हातात धरून त्याच्याकडे बघत होती. तिने तो त्याच्या डोक्यावर ठेवला नाही, त्याच्या हातात दिला आणि बाजूने निघून गेली. ठीक आहे. व्हर्नने तो स्वतःच घातला, गुडघा सांभाळत टेकाडावर चढला आणि पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला. छाती फुगली त्याची. अजून मीच, कळलं का? अजून मीच!

मागून ट्वायलाचं गाणं सुरू झालं. दरवर्षी याच वेळी ती गायची. हळू, संथ. हे गाणं सूर्याला बोलावण्यासाठी आहे, पर्यायाने आपल्यासाठी आहे, असं व्हर्न इतकी वर्षं धरून चालला होता. यंदा तिचा आवाज मध्येच फाटला. रीत तर मोडलेलीच होती. तो वळला.

ट्वायला बर्फात बसली होती. केलबचं डोकं तिच्या मांडीवर होतं. एका हाताने स्वतःच्या गळपट्ट्याने ती त्याचं नाक टिपत होती, दुसरा हात त्याच्या केसांतून फिरवत होती, आणि गाता गाता रडत होती. तान्ह्याला निजवावं तसं ते गाणं. आम्ही बाकीचे टोप्या काढून भोवती उभे होतो, नेहमीसारखे. व्हर्नला ठाऊक नव्हतं, कारण त्याची सदा पाठ.

तो धडपडत खाली आला. "हे काय चाललंय?"

"पडलेल्याला निजवतात," ट्वायला वर न बघता म्हणाली.

"म्हणजे ओरिनलासुद्धा तू—"

"दरवर्षी. मांडीवर डोकं घेऊन. बिचारा म्हणायचा, या एवढ्यासाठी वर्षभर वाट बघतो." तिने नाक ओढलं. "इतकी वर्षं परक्या म्हाताऱ्याला मांडीवर घेऊन गायले. तू जायचास वर, पाठ करून. यंदा म्हटलं, आपला म्हातारा असेल. म्हणून म्हटलं होतं, माझ्यासाठी पड. बरं, का ते आधी सांगितलं असतं, तर ओशाळून पडला असतास. मला तू आपणहून पडायला हवा होतास."

"मी उठू का?" केलब घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"गप पडून राहा," ट्वायला त्याच्यावर खेकसली आणि पुन्हा त्याच्या केसांतून हात फिरवला.

त्या हाताकडे व्हर्न बघत राहिला. दोन महिने तो खिदळण्यावर जळला, बिस्किटांवर जळला, मेणावर जळला. ते जळणं काहीच नव्हतं. आता, त्या रक्ताळलेल्या नाकाच्या पोराचा त्याला असा हेवा वाटला की उभं राहवेना. त्याने काठी टाकली. मुकुट काढून बाजूला ठेवला. एक गुडघा टेकवला, मग दुसरा, आणि सगळ्यांसमोर ट्वायलाच्या शेजारी बर्फात उताणा झाला.

"हा बघ," तो म्हणाला, "पडलो."

कुणी हसलं नाही. सरोवरावरून ऊन आलं होतं, ते ट्वायलाच्या ओल्या गालांवर पडलं होतं. तिने व्हर्नकडे बघितलं, पुष्कळ वेळ.

"ऊठ, व्हर्न," ती म्हणाली. "उजाडलं. आता पडून काय उपयोग?"

तिचा हात केलबच्या केसांतच होता.