तुमाला आला का ताप?

शुक्रवार पेठेत आमच्या समोर राहणाऱ्या गृहस्थांना कुठलीही अडचण एकट्यानं सोसवत नाही. वीज गेली की ते गल्लीत येऊन आधी विचारतात, "तुमचीबी गेली का?" सगळ्यांचीच गेली असली की त्यांचा चेहरा खुलतो आणि ते अंधारात निवांत बसतात.

परवा हत्तीरोगाच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईंनी समोर उभं राहून सगळ्या गल्लीला गोळ्या गिळायला लावल्या. दुसऱ्या दिवशी या समोरच्या गृहस्थांना ताप भरला. बाई म्हणाल्या, "घाबरू नका. रक्तात जंत असले तर ते गोळीनं मरतात. मेलेल्या जंतांवर अंग चवताळून उठतं, म्हणून ताप येतो. दोन दिवसांत उतरंल."

त्यातलं 'जंत असले तर' एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. चादर गुंडाळून ते भर उन्हात दारोदार फिरले. "तुमाला आला का ताप?" कुणालाच आला नव्हता. माझ्या दारात आले तेव्हा त्यांचे ओठ थरथरत होते.

मी म्हणालो, "आला की. रात्रभर फणफणलो होतो."

"आसं व्हय!" म्हणत ते पायरीवर टेकले आणि चहा मागून प्यायले.

त्यांचा ताप उतरला. पण आता रोज सकाळी ते येतात, आपला पाय माझ्या पायाशेजारी ठेवतात आणि घोटे निरखतात. "सारकेच हायत की," म्हणून समाधानानं जातात.

मला ताप आलाच नव्हता. तरी ते गेल्यावर मी दार लावतो आणि माझे दोन्ही पाय एकमेकांशी जुळवून बघतो.