मेसेजवर एकच टिक

ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचं मला वेड आहे असं तासगावात कुणाला सांगितलं, की तो माझ्याकडं जरा संशयानंच बघतो. हा फुटबॉल वेगळा. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, आणि चेंडू हातात धरून पळायलाही परवानगी. पंचविशीत मी तिकडच्या एका द्राक्षमळ्यावर तीन वर्षं कामाला होतो. मळ्याचा मालक दर शनिवारी मला गाडीत घालून सामन्याला न्यायचा. पहिल्या वर्षी मला नुसता आरडाओरडा कळला. दुसऱ्या वर्षी आमची टीम हरली की मला जेवण जायचं नाही.

मी परत आलो, लग्न झालं, वडिलांची बाग बघायला लागलो. तिकडं मालक म्हातारा झाला. बायको गेल्यावर त्यानं मळा विकला आणि डोंगरात, जंगलाला लागून असलेल्या लाकडी घरात एक कुत्रं घेऊन राहायला गेला. कमरेच्या ऑपरेशनसाठी मेलबर्नच्या दवाखान्यात होता, तर तिथली नर्स निघाली साताऱ्याची. माझ्या मळ्यावर सांगलीकडचा एक पोरगा होता, असं त्यानं तिला सांगितलं आणि घरी गेल्या गेल्या आम्हा तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला.

सामने सप्टेंबरात संपतात ते मार्चमध्ये सुरू होतात. मधे खेळ नसतो, म्हणून आमच्या गप्पांना ऊत येतो. कुठला खेळाडू टीम सोडून जाणार, उंच फॉरवर्डचा गुडघा टिकणार का, नवा कोच कुणाला बसवणार. नर्सबाईंचा एकही अंदाज आजवर खरा ठरलेला नाही, आणि म्हातारा तिला ते रोज ऐकवायचा.

त्या दिवशी फेब्रुवारीतली सकाळ होती. आमच्या शेडवर बेदाण्याच्या द्राक्षांची पहिली खेप जाळीवर पसरायचं काम चाललं होतं. तिकडं भर उन्हाळ्यातली दुपार झालेली. म्हाताऱ्याचा मेसेज आला, "आज फार ऊन आहे, वारा सुटलाय. डोंगरापलीकडं धूर दिसतोय. लोकांना निघायला सांगितलंय. बघतो, निघेन जरा वेळानं." आणि त्याखाली लगेच गुडघ्याचा विषय.

मी हात पुसले आणि लिहिलं, "आपली टीम शेवटच्या पंधरा मिनिटांतच पळते. तुम्हीही तसंच करणार ना?"

त्यानं हसणारा चेहरा पाठवला. मीही हसलो आणि कामाला लागलो.

तासाभरानं फोन बघितला तर नर्सबाईंनी ग्रुपवर विचारलेलं, "निघालात का?" उत्तर नव्हतं. मी लिहिलं, "कुठं पोचलात?" माझ्या मेसेजवर एकच टिक. दहा मिनिटांनी बघितलं, एकच टिक. फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत सांगत होता की हा नंबर लागत नाही.

तिकडच्या सरकारचा आगीचा नकाशा फोनवर दिसतो. तो उघडला. त्याच्या गावाचं नाव लाल पट्ट्याच्या आत होतं. मी नकाशा मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. नाव आतच. शेडच्या सावलीत उभा असून मला दरदरून घाम फुटला.

बायको चहा घेऊन आली. "आवं, काय झालं? तोंड असं का?"

"म्हाताऱ्याच्या गावात आग शिरली."

"मग त्यो निघाला आसंल की."

"मी त्याला थट्टेत म्हणालो, शेवटी शेवटी पळा म्हणून."

तिनं चहा पुढं केला. मी कप बाजूला ठेवून पुन्हा त्याचा नंबर लावला.

शेवटी नर्सबाईंना फोन केला. ती ड्यूटीवर होती, तरी उचलला.

"दादा, घाबरू नका असं मी म्हणणार न्हाई," ती म्हणाली. "मीच लय घाबरलीय. पोलिसांना नाव-पत्ता दिलाय. रस्ता बंद केलाय म्हणत्यात, आत कुणाला सोडत न्हाईत."

"आणि जे आत आहेत?"

"ते ठाऊक न्हाई दादा."

दुपार कशी गेली ते सांगता येणार नाही. बायका जाळ्या भरत होत्या, मला काहीतरी विचारत होत्या आणि मी हो हो म्हणत होतो. त्याचं घर मी फोटोतच बघितलेलं. सगळं लाकडाचं, मागं निलगिरीची उंच झाडं. निलगिरी कशी पेटते ते मी तिकडं असताना एकदा लांबून बघितलं होतं. झाडं जळताना फटाक्यांसारखा आवाज येत होता. तोच आवाज दिवसभर कानात होता. मोटारसायकल काढून कुठंतरी जावं असं वाटायचं, पण जाणार कुठं?

चार वाजून गेल्यावर नर्सबाईंचा फोन आला. ती रडत होती. ती रडतेय म्हटल्यावर मी समजलो, संपलं.

"हाय दादा, जिवंत हाय," ती म्हणाली.

पोलिसांनी तिला कळवलं होतं. गावातून बाहेर जायचे रस्ते बंद झाल्यावर राहिलेली माणसं फुटबॉलच्या मैदानावर जमली होती. आखूड गवताचं मोकळं मैदान, आजूबाजूला जळायला काही नाही. वीस-पंचवीस जण मधोमध ओली घोंगडी अंगावर घेऊन पालथे पडले आणि आग दोन्ही अंगांनी पुढं निघून गेली. म्हाताऱ्याच्या हाताला भाजलं होतं, धुरानं छाती भरली होती. घर राहिलं नव्हतं. फोन घरातच राहिलेला.

तीन दिवसांनी बहिणीच्या घरून त्यानं व्हिडिओ कॉल केला. भुवया जळून गेल्यामुळं चेहरा ओळखू येईना. मी आधी तेच बोललो. माझ्या मेसेजबद्दल माफी मागितली.

"वाचला होता," तो म्हणाला. "हसलो, आणि अजून एक चहा टाकला."

"म्हणजे माझ्यामुळं..."

"चहा मी टाकला. तू नाही." मग पुढं सांगितलं. "चहा होईस्तोवर वारा फिरला. कुत्रं घाबरून मागच्या दारानं पळालं. हाका मारल्या, नाही आलं."

तो खोकत राहिला. मागून बहिणीनं त्याला औषधाला बोलावलं, तेव्हा त्यानं फोन ठेवला.

आता तो बहिणीकडंच राहतो, शहरात. ग्रुप चालू आहे. नर्सबाई अजून चुकीचे अंदाज सांगते, तो अजून तिची उडवतो. मी वाचतो, लिहितोही. पण पाठवण्याआधी प्रत्येक ओळ दोनदा बघतो, आणि तिकडं उन्हाळा असला की बऱ्याच ओळी पाठवत नाही.